काचेला हळद सोसत नाही

वहिनीने काचेचं पहिलं वेटोळं घरी आणलं तेव्हा आईने त्याला कुरडई म्हटलं, आणि घरात पुढे तेच नाव राहिलं. आकार कुरडईसारखाच होता. पंजाएवढं वेटोळं, त्यातली नळी दाभणाहून बारीक, आणि नळीच्या पोटातून जाणारं छिद्र शिवणाच्या दोऱ्याएवढं. उलगडली असती तर ती आमच्या गल्लीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत पोचली असती. पण उलगडायची सोय नव्हती. काच गरम असतानाच तिला वळण दिलेलं होतं. सरळ करायला गेलं की ती मोडायची.

हे सांगलीत, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात. घरात आम्ही तिघं होतो: आई, वहिनी आणि मी. थोरला भाऊ सैन्यात, तेव्हा उत्तरेला सरहद्दीवर. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती; आष्ट्याजवळचा ऊस चुलते बघायचे. मी एका स्थानिक दैनिकात बातमीदार होतो आणि बाजारपेठा माझ्याकडे होत्या. म्हणजे रोज सकाळी हळदीच्या सौद्यांना उभं राहायचं आणि दर लिहून आणायचे. वहिनी साताऱ्याची. ती सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि पुण्याच्या एका प्राध्यापकांकडे पीएच.डी. करत होती.

तिचा विषय होता कोयनेच्या जंगलात उगवणारी रानहळद. तिचं म्हणणं असं की, या रानहळदीच्या तेलात आपल्या हळदीच्या वासाचा जो मुख्य घटक, तो मुळीच नाही. म्हणणं एका ओळीचं होतं. ते सिद्ध करायला तिची चार-पाच वर्षं गेली.

तेलात काय काय आहे हे पाहायचं यंत्र कुपवाडच्या एका कारखान्यात होतं. मसाल्यांची तेलं काढणारा कारखाना. मालक शिकलेले होते आणि रविवारी यंत्र वापरायला देत. यंत्राची रीत वहिनीने मला एकदा समजावली, ती अशी. तेलाचा बारीकसा थेंब सुईने टोचायचा. तिथे त्याची वाफ होते. नायट्रोजनचा झोत ती वाफ एका लांब नळीतून ढकलत नेतो. नळीच्या आत चिकट लेप असतो. तेलातला प्रत्येक घटक त्या लेपाशी कमीजास्त रेंगाळतो, म्हणून एकदम निघालेले सगळे एकेक करून दुसऱ्या टोकाला पोचतात. तिथे एक छोटी ज्योत. घटक ज्योतीत जळला की यंत्राचं पेन सरकत्या कागदावर वर जातं आणि खाली येतं. कागदावर उमटलेल्या त्या खुणेला ती सुळका म्हणायची. सुळका कुठे आला यावरून घटक ओळखायचा.

अडचण नळीची होती. कारखान्याची नळी स्टीलची, जाड, आत पूड भरलेली. तिच्यातून रानहळदीचं तेल सोडलं की सुळके येत नसत, टेकड्या येत. पुण्याच्या सरांनी कागद पाहिला आणि एका टेकडीवर बोट ठेवून विचारलं, हिच्याखाली हळदीचा सुळका दडलेला नाही हे तुम्ही कशावरून म्हणता? परदेशात अशा कामाला काचेच्या बारीक नळ्या वापरू लागले होते. मागवायच्या तर परवान्यातच वर्ष जाणार. सर म्हणाले, घरीच करा.

काच ओढायचं यंत्र कुपवाडच्याच एका वर्कशॉपात झालं, सरांनी पाठवलेल्या आकृतीवरून. रुळांच्या दोन जोड्या. मागची जोडी बोटाएवढी जाड काचनळी भट्टीत हळूहळू ढकलते, पुढची जोडी मऊ झालेली काच भराभर ओढते. नळी बारीक होते पण पोकळ राहते. शेवटी स्टीलची एक तापवलेली वाकडी नळी. तिच्यातून जाताना काचेला वळण बसतं आणि बाहेर वेटोळ्यावर वेटोळं पडत जातं. वर्कशॉपवाला उसाच्या चरकांचे दाते कापणारा. काम पुरं झाल्यावर तो वहिनीला म्हणाला, "बाई, जाड घालून बारीक काढायचं तर आमी रोजच करतोय. पर आतनं पोकळ ठेवा म्हणून सांगणारं गिऱ्हाईक तुमीच पहिलं."

वेटोळं पडलं म्हणजे काम संपलं असं मला वाटलं होतं. तिथून ते सुरू व्हायचं. कोरी काच लेप धरत नाही. अळवाच्या पानावर पाणी टाकावं तसा लेप थेंबाथेंबांनी गोळा होतो. म्हणून आधी नळीत हायड्रोक्लोरिक आम्लाचा कोरडा वायू भरायचा, दोन्ही टोकं ज्योतीवर वितळवून बंद करायची आणि भट्टीत ठेवायचं. आतल्या भिंतीवर मिठाचे कण धरतात, चकचकीत वेटोळं दुधी होतं. मग लेप. तो वंगणासारखा दाट पदार्थ पेंटेन या चटकन उडणाऱ्या द्रवात अगदी पातळ विरघळवायचा, द्रावण नळीत काठोकाठ भरायचं, एक टोक बंद करायचं आणि दुसरं व्हॅक्यूम पंपाला जोडून द्यायचं. पेंटेन उडत जातं. द्रावणाची कड एकेक वेटोळं मागे सरकते आणि भिंतीवर लेप राहतो. बंद टोकाशी हवेचा एखादा बुडबुडा राहिला, खोलीत ऊन शिरलं, टेबलाला कुणाचा धक्का लागला, की आतलं द्रावण उसळून पंपाकडे धावतं. मग वेटोळं फेकून द्यायचं.

वहिनीने पहिल्या दोन कुरडया कॉलेजच्या प्रयोगशाळेत केल्या, डिसेंबरच्या थंडीत. कारखान्याच्या यंत्रात बसवल्या आणि आधी कोरी फेरी घेतली. कोरी फेरी म्हणजे काही न टोचता यंत्र नुसतं चालवायचं. पेनाने तळाची रेघ सरळ ओढत जायला हवी. पहिल्या कुरडईच्या कोऱ्या फेरीत सुळका आला. काही टोचलेलं नसताना आला, आणि जिथे आपल्या हळदीचा सुळका येतो नेमका तिथे आला.

सगळ्यांनी कारखान्याच्या हवेला दोष दिला. तिथे हळदीचं तेल निघायचं, तेव्हा ते साहजिक होतं. वहिनीने यंत्राची टोचायची जागा सुटी करून धुतली, तापवली, नायट्रोजनच्या वाटेवर गाळणी बसवली. दुसरी कुरडई चढवली. सुळका पुन्हा तिथेच. सरांचं म्हणणं आलं की दोष नळीत आहे, लेप नीट बसलेला नाही, नळी सुधारा. वहिनीलाही तेच वाटत होतं. मार्चअखेर प्रबंध द्यायचा होता. मुदत एकदा वाढवून मिळाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. जी नळी स्वतःहूनच हळदीचा सुळका दाखवते, तिच्यावर रानहळदीत तो नाही हे कसं दाखवणार? आणि काचनळ्यांचा गठ्ठाही संपत आला होता.

संक्रांत झाली तशी सांगलीची दुपार तापू लागली. पेंटेन आपल्या अंगाच्या उष्णतेलाच उकळतं. वहिनीने ठरवलं की लेपाचं काम साताऱ्याला माहेरी करायचं.

तिचं माहेर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. घरात फक्त तिचे वडील, सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. ती त्यांना आबा म्हणायची आणि मीही. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली होती. आबांना पोटाचा विकार होता, ते दूध-भाकरीवर राहत आणि वहिनीही तिथे गेली की तेच खायची. घरामागे उत्तरेकडे एक खोली होती, तिथे दुपारीही गारवा असायचा. आबांनी ओळखीच्या एका कॉलेजातून पंप मिळवला आणि खोलीतल्या टेबलाच्या चारही पायांखाली घोंगडीच्या घड्या घातल्या.

वेटोळं नेण्यासाठी एक स्टीलचा डबा होता, आत कापूस. सांगलीहून साताऱ्याला एसटीने जाताना तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडीवर. मी सोबत असायचो, कारण खड्डा आला की वहिनी दोन्ही हातांनी डबा उचलून धरायची आणि तिला धरायला कुणीतरी लागायचं. कंडक्टरने एकदा विचारलं, डब्यात लाडू हायेत काय? ती म्हणाली, कुरडया. तो म्हणाला, मग एवढं जपताय कशाला, मोडल्या तर तळता येत्यात की.

साताऱ्याचे ते दिवस मला सगळ्यात स्वच्छ आठवतात. वहिनी भिंग घेऊन वेटोळ्यासमोर बसलेली. दुधी काचेत द्रावणाची कड सरकताना दिसत नाही. मागच्या बाजूला दिवा धरला की भरलेला भाग थोडा अधिक पारदर्शक दिसतो, एवढंच. ती कड कुठल्या वेटोळ्यावर आहे हे ती काचेवर शाईचा ठिपका देऊन ठेवायची. पंपाची एकसुरी घरघर. बाहेर ओसरीवर आबा पहाऱ्याला. त्यांनी ते काम स्वतःहून घेतलं होतं. दूधवाल्याला कडी वाजवायची बंदी होती, गल्लीतल्या पोरांना लगोरी पलीकडच्या मैदानात खेळायचा हुकूम होता. मी खोलीत गेलो तर आबा विचारत, "कुठवर आलीय आघाडी?" मी ठिपके मोजून सांगायचो.

तिसरी कुरडई कोयनेने नेली. त्या वर्षांत कोयनेचे धक्के साताऱ्याला नवे नव्हते. मोठ्या भूकंपानंतर प्रत्येक घरात एक सवय लागली होती. मांडणीवरच्या भांड्यांचा आवाज झाला की हातातलं टाकून, पायात काही न घालता अंगणात. त्या दिवशी दुपारी भांडी वाजली. मी आणि आबा अंगणात होतो, शेजारीपाजारी रस्त्यावर. वहिनी आली नाही. आबा आत गेले आणि तिला दंडाला धरून बाहेर घेऊन आले. धक्का किरकोळ होता, कौलसुद्धा हललं नव्हतं. आम्ही परत खोलीत गेलो तेव्हा वेटोळ्यात जागोजागी बुडबुडे होते आणि द्रावण पंपाच्या रबरी नळीत आलं होतं. वहिनीने पंप बंद केला. आबांनी वाकून टेबलाचे पाय बघितले. मग म्हणाले, "घोंगड्या कमी पडल्या."

चौथी कुरडई पुढच्या खेपेला झाली. तिला काही झालं नाही. कड शेवटच्या वेटोळ्यापर्यंत सरळ सरकत गेली. वहिनीने पंपाच्याच खोलीत, आतून नायट्रोजन सोडत, ती तापवून घेतली आणि रविवारी पहाटेच्या एसटीने आम्ही निघालो. स्टँडवरून घरी न जाता थेट कुपवाडला. तिने कुरडईची दोन्ही टोकं यंत्रात बसवली, ज्योत पेटवली, कोरी फेरी सुरू केली. पेनाने रेघ ओढली. हळदीची जागा आली आणि गेली. रेघ सरळ राहिली.

ती खुर्चीत मागे टेकली. मला म्हणाली, "भाऊजी, चहा सांगा." एवढंच. रानहळदीचं तेल त्या दिवशी तिने टोचलं नाही. टोचायच्या जागेचं रबर जुनं झालं होतं, ते पुढच्या रविवारी बदलून मगच टोचू म्हणाली. घाई करून चुकायचं नव्हतं.

पुढच्या रविवारी तिने रबर बदललं, नळीचं टोक थोडं कापून नव्याने बसवलं आणि कोरी फेरी घेतली. सुळका आला. त्याच नळीवर, त्याच जागी.

म्हणजे दोष नळीचा नव्हता. कारखान्याच्या हवेचाही नव्हता. हवा दोन्ही रविवारी तीच होती. घरी आल्यावर वहिनी मोरीत जाऊन कपडे धुवायच्या साबणाने हात धुऊ लागली, आणि तशीच थांबली. मला हाक मारली. तिच्या नखांच्या कडांना फेस लाल झाला होता.

हळदीला साबण किंवा चुना लागला की ती लाल होते, हे कुणाला शिकवावं लागत नाही. वहिनीने आईच्या चंचीतला चुना मागितला, वाटीत पाण्यात कालवला, आणि कापसाच्या बोळ्यांनी घरातल्या वस्तू पुसून एकेक बोळा त्यात बुडवू लागली. चिमटा लाल. पर्सची कड लाल. मंगळसूत्राचे मणी लाल. कुरडईच्या डब्याचं झाकण लाल. रबरं जपून ठेवायची ती कागदाची पुडी लाल. माझ्या शर्टाची बाही सगळ्यात जास्त, कारण मी हळदीच्या सौद्यांतून आलेलो. आई चुलीपाशी बसून बघत होती. म्हणाली, "आता घरच लाल करतीस व्हय?"

सांगलीत हळदीचा वास येतो असं बाहेरची माणसं म्हणतात. सांगलीत राहणाऱ्याला तो येत नाही. त्या महिन्यांत हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, उघडलेली असायची, रस्त्यावरून पोती जायची, वाऱ्यावर भुकटी असायची. आणि घरात रोजच्या फोडणीची हळद, शिवाय संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज संध्याकाळी कुणाकडे तरी हळदीकुंकू. वहिनी आईबरोबर जायची. कपाळाला हळद, गळ्याला हळद, मंगळसूत्राला हळद. दुसऱ्या दिवशी त्याच बोटांनी ती यंत्राचं रबर दाबून बसवायची. यंत्र तापलं की रबरावरची हळद नळीत शिरायची. साताऱ्याला आबांच्या घरी हळद लावायला कुणी नव्हतं आणि दूध-भाकरीत ती नसते. म्हणून तो एक रविवार कोरा गेला.

वहिनीने आधी सोपा उपाय केला. हात ॲसिटोनने धुतले, रबरं नवी आणली, सगळं चिमट्याने उचललं. सुळका लहान झाला, गेला नाही. तो पूर्ण गेल्याशिवाय तिच्या म्हणण्याला अर्थ नव्हता. मार्च जवळ आला होता. त्या संध्याकाळी तिने आईला सांगितलं की काम होईपर्यंत मी हळद लावून घेणार नाही, आणि स्वयंपाकातली हळदही बंद ठेवावी लागेल.

आई विधवा होती. घरात हळदीकुंकवाची एकच बाई, आणि तिचं ते आई स्वतःचं असल्यासारखं जपायची. सणावाराला वहिनीला कॉलेजातून यायला उशीर झाला तर आई दारात वाट बघत उभी राहायची. तिने बराच वेळ भाकरी थापली. मग म्हणाली, "पोरगा तिकडं हाय माझा."

"माझाही नवरा आहे तो, आई," वहिनी म्हणाली.

जेवणं झाली. आमटी त्या दिवशी पिवळीच होती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंकडे शेवटचं हळदीकुंकू होतं. तिथे झालेलं मला वहिनीने सांगितलं. काकूंनी हळदीचं बोट पुढे केलं, आणि वहिनी काही म्हणायच्या आत मागे भिंतीला टेकून बसलेली आई म्हणाली, "तिला हळद नगं. कुंकवाचं बोट लावा. तिच्या काचेला हळद सोसत न्हाई."

बायका हसल्या. काकू म्हणाल्या, "आवं, कुंकू तरी कशाचं असतंय? हळदीचंच की."

ते खरं होतं. तिथे बसलेल्या सगळ्यांना ते माहीत होतं आणि आईलाही. हळदीला चुन्याचं पुट दिलं की कुंकू होतं. वहिनी आठवडाभर वाटीत तेच करत होती. एक जण म्हणाली, मग काचेला तिळगूळ तरी चालतो का विचारा. दुसरी म्हणाली, पोरगं सरहद्दीवर असताना रिकामं कपाळ म्हणजे लय झालं. आई उठली. वहिनीला म्हणाली, चल. दोघी तशाच घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई एकटी बाजारात गेली. एरवी ती एकटी जात नसे. परत आल्यावर तिने वहिनीसमोर गंधाची बाटली ठेवली. त्या काळी बाटलीतलं पातळ गंध मिळायचं, बारीक काडीने लावायचं. कॉलेजातल्या मुली लावत आणि आई त्याला थेर म्हणायची. वहिनीने लग्नानंतर एकदा लावलं होतं तेव्हा तिने पुसायला लावलं होतं. आता म्हणाली, "लालच हाय. दुकानात बाटलीचं झाकण उघडून बघून आणलंय. लाव."

वहिनीने मंगळसूत्राचा दोरा सोडवून मणी धुतले आणि आईने ते नव्या काळ्या दोऱ्यात ओवून दिले, दोऱ्याला हळद न लावता. हळदीचा डबा चुलत्यांकडे आष्ट्याला गेला. त्या दिवसापासून फोडणीत हळद नाही. पांढरं वरण, पांढरं पिठलं, बटाट्याची पांढरी भाजी. ज्या घरात कुणी गेलेलं असतं तिथे असा स्वयंपाक करतात. काकू एकदा काहीतरी मागायला म्हणून आल्या, चुलीवर नजर टाकली आणि आवाज खाली आणून विचारलं, "काय झालंय काय तुमच्यात?"

"झालं न्हाई," आई म्हणाली. "व्हायचं हाय. सुनंचं शिकशान."

माझ्यावरही बंधनं आली. सौद्यांना जायचा शर्ट कचेरीतच खुंटीला, घरी येताना दुसरा. कंपोझिटर रोज बघायचे. एकाने विचारलं, गड्या, रोज कापडं बदलून कुणाकडं जातोस? मी सांगितलं, घरी. त्याला ते पटलं नाही.

त्याच दिवसांत भावाचं पत्र लांबलं. एरवी पंधरवड्याला यायचं. पोस्टमनची वेळ झाली की आई उंबऱ्यात येऊन बसायची, तो पुढच्या घरी गेला की उठायची. वहिनीही त्या वेळी घरात असेल तर तिच्या मागे उभी राहायची, गंध लावलेली. मी त्या दोघींकडे बघत असे आणि वाटायचं, आज संध्याकाळी आमटी पिवळी होणार. ती झाली नाही. आईने तो विषय काढला नाही, वहिनीनेही नाही. एका दुपारी पत्र आलं. बर्फाने वाट बंद होती, टपाल अडकलं होतं, मी मजेत आहे, आंब्याचं लोणचं पाठवा. आईने ते मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, लोणच्यात तर हळद लागती. थांब म्हणावं त्याला.

वहिनी दर रविवारी यंत्र तापवून मागची हळद जाळत होती. सुळका दर खेपेला बुटका होत गेला. मार्चमधल्या ज्या रविवारी ती तेल टोचणार होती, त्या दिवशी मीही गेलो. पत्र्याखाली उकाडा होता. तिने आधी कोरी फेरी घेतली. रेघ सरळ. मग कोयनेच्या रानहळदीचं तेल सुईत घेतलं आणि टोचलं.

पूर्वी जिथे टेकड्या यायच्या तिथे सुळके येऊ लागले. बारीक, उंच, एकमेकांपासून सुटे. एका टेकडीतून किती निघाले हे बघून मला बाजारातल्या एका पोत्यातून वेगवेगळ्या प्रतीची हळद निघते ते आठवलं. वहिनी कागदावर पेन्सिलीने खुणा करत होती. मग पेन्सिल थांबली. हळदीची जागा येत होती. कागद सरकत राहिला. पेन तळाशी होतं. यंत्राच्या आत मोटर फिरत होती तिचा आवाज, बाकी काही नाही. जागा येऊन गेली. त्यापुढे आणखी दोन सुळके आले, ते तिच्या ओळखीचे होते. तिने तेल पुन्हा टोचलं, आणि शेवटी तेच तेल आपल्या हळदीचा कण घालून टोचलं. तेव्हा त्या मोकळ्या जागेत सुळका उभा राहिला, सुटा, नीट ओळखू येणारा. म्हणजे असता तर दिसला असता.

प्रबंध मुदतीत गेला. कुरडई पुढे पावसाळ्यापर्यंत चालली, मग एका टोकाशी मोडली. आता अशा नळ्या बाहेरून येतात, त्यांच्यावर वरून संरक्षक थर असतो, दोरीसारख्या वाकतात. वहिनीने निवृत्त होईपर्यंत त्या वापरल्या. पण त्यांच्याबद्दल ती कधी काही सांगत नाही. आम्ही भेटलो की बोलणं साताऱ्याच्या खोलीवर येतं, घोंगडीच्या घड्यांवर, आणि आबांच्या आघाडीवर. आबा नाहीत, आईही नाही.

तेल टोचलं त्या रविवारी संध्याकाळी वहिनीने कागदाची गुंडाळी घरात जमिनीवर पसरली. दारापासून चुलीपर्यंत पुरली. आई चष्मा लावून एका टोकाकडून बघत आली. सुळक्यांवरून बोट फिरवत आली आणि वहिनीने पेन्सिलीने गोल केलेल्या जागेशी थांबली.

"हितं काय हाय?"

"काही नाही, आई. तेच दाखवायचं होतं."

आईने परत वाकून बघितलं. रेघेवर बोट ठेवून ती सरळ आहे याची खात्री करून घेतली. "एवढ्यासाठी आपण महिनाभर पांढरं खाल्लं," ती म्हणाली. मग चष्मा काढून उठली आणि मला म्हणाली, काकूंकडं जा, वाटीभर हळद घेऊन ये, आणि त्यांनाही बोलाव. कुंकवाचा करंडा घेऊन या म्हणावं.